गणिकेचा दर्जा आणि जोडपत्र क्रमांक एक

आमच्या शांतीविहार कॉलनीत कोणाला सरकारकडे काही मागायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो. नळाला पाणी नाही, खांबावर दिवा नाही, रेशनकार्डावर सासूचं वय सुनेपेक्षा कमी पडलंय. काहीही असो, अर्ज मुधोळकरांनीच लिहावा असा निम्म्या आदिलाबादेत तरी समज आहे. पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. कालव्याला पाणी सोडणं माझ्या हातात नव्हतं, पण पाणी का आलं नाही याचा खुलासा मी असा लिहायचो की वाचणाऱ्याची तहान तिथल्या तिथे भागावी.

याच कीर्तीपायी गयाबाईची मुलगी हर्षाली पोलिसांच्या रजिस्टरात गणिका म्हणून नोंदली गेली. मी हे मुद्दाम केलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. जोडपत्रानं केलं.

गयाबाई म्हणजे आमची भाजीवाली. तामसीकडच्या एका खेड्यात तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, अमृतरावांचा, छोटासा मळा आहे. सकाळच्या बसनं दोन टोपल्या घेऊन ती येते, कॉलनीत दारोदार फिरते आणि शेवटी आमच्या पायरीवर बसून पाणी पिते. बावीस वर्षं हा क्रम चालू आहे. माझी बायको पद्मिनी तिला चहा बाहेर आणून देते. निघताना ती आमच्या भाजीवर कोथिंबिरीची एक जुडी न मागता टाकते. आम्ही तिला घरचंच माणूस म्हणतो. म्हणायला काही लागत नाही.

तर ही हर्षाली नाटक शिकायला म्हणून हैदराबादला गेली होती. एका संध्याकाळी पद्मिनी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आली.

“अहो, पाहा पाहा! ही गयाबाईची पोट्टी हाय! ग्रहावर हाय!”

पाहतो तर खरंच. ‘दूरग्रह’ नावाची हिंदी मालिका. काळ पाचशे वर्षांनंतरचा. कुठल्याशा ग्रहाभोवती खाणकामगारांची वस्ती तरंगते आहे, आणि त्या वस्तीत निळी साडी नेसून आमची हर्षाली चालली आहे. चालली म्हणजे तीही तरंगतेच आहे. ती आत येताच बंदुका लावलेले पुरुष उठून उभे राहिले, त्यांचा गव्हर्नरसुद्धा उभा राहिला, आणि ती बसेपर्यंत कोणी बसलं नाही. मला भरून आलं. टोपलीच्या आधारानं आमच्याच पायरीवर उभं राहायला शिकलेली ती मुलगी.

मी दुसऱ्याच दिवशी मराठी मंडळाच्या बैठकीत तिच्या सत्काराचा विषय मांडला. मंडळाचा चिटणीस मी आहे. अध्यक्ष भार्गवराव, तहसिलीतले निवृत्त पेशकार. महिला शाखेच्या प्रमुख चंद्रभागाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “भूमिका कशाची करते ती?”

“गणिकेची,” मी म्हणालो. लपवण्याचा माझा स्वभाव नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.)

चंद्रभागाबाईंनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

“गणिका?” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “आपल्या हॉलात? जिथं आमी हळदीकुंकू करतो तिथं?”

“बाई, तिथं तिला गव्हर्नर उठून उभा राहतो.”

“आमच्या शाळेत इन्स्पेक्टरसाठी सगळे उभे राहायचे. म्हणून काय त्याले कोणी चांगला माणूस म्हणत होतं?”

शेवटी भार्गवरावांनी हात वर केला. त्यांनी चाळीस वर्षं मिसली हाताळल्या. मिसल म्हणजे आपण ज्याला फाइल म्हणतो ती, पण भार्गवरावांच्या तोंडी तो शब्द आला की फाइल अगदीच पोरकट वाटायला लागते.

“घाई करू नका,” ते म्हणाले. “असा दर्जा हवेत ठरत नाई. तहकीकात होऊ द्या. मिसल काढू.”

आणि त्यांनी खरोखरच काढली. वर सुवाच्य अक्षरात विषय घातला: ‘दूरग्रहावरील गणिकेचा सामाजिक दर्जा ठरविणेबाबत’. आठ भाग होते, ते दर रविवारी दुपारी दोन भाग, असे चार रविवारी मंडळाच्या टीव्हीवर पाहायचं ठरलं. भार्गवराव प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवणार, अनुकूल डावीकडे आणि प्रतिकूल उजवीकडे.

पहिल्या रविवारी चंद्रभागाबाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या रविवारी मान वळवून. तिसऱ्या रविवारी त्यांनी आपली खुर्ची सर्वांत पुढे ओढून घेतली. त्या दिवशीच्या भागात वस्तीचं गुरुत्वाकर्षण बंद पडतं. माणसं, भांडी, बंदुका सगळं वर उडतं, गव्हर्नरचा टोपही उडतो, पण हर्षालीचा पदर खांद्यावरून तसूभर हलत नाही.

“लिहा!” चंद्रभागाबाई कडाडल्या. “गुरुत्वाकर्षण नसताना पदर ढळला नाई. घरचं वळण हाय ते!”

भार्गवरावांनी डाव्या बाजूला लिहिलं. अनुकूल मुद्दे वाढत गेले. तिनं बारा वर्षं गुरुकुलात शिक्षण घेतलं होतं. तिच्याकडे परवाना होता. दोन टोळ्यांमधला कुठलाही तह तिनं पाणी दिल्याशिवाय पक्का होत नव्हता. प्रतिकूल बाजूला मुद्दा एकच राहिला: त्या वस्तीत कोणाच्या घरी लग्न निघालं तर तिला बोलावणं जात नव्हतं. सगळे तिला मान देत, पण उंबऱ्याच्या बाहेर. सहाव्या भागात ती एका लग्नघराच्या भिंतीला कान लावून आतली गाणी ऐकते. तिथे चंद्रभागाबाई ढसाढसा रडल्या.

“काय माणसं हायत का कोण!” त्या म्हणाल्या. “तह कराले बाई पाहिजे आन् जेवाले नको!”

आम्ही सगळ्यांनी त्या निष्ठुर ग्रहवासीयांचा निषेध केला. मध्यंतरात गयाबाईच्या मळ्यातल्या पालकाची भजी खाल्ली. चौथ्या रविवारी एकमतानं ठराव झाला. मसुदा माझा आहे, म्हणून मुद्दाम देतो: ‘सदर हर्षाली ही परवानाधारक गणिका असून तिचा दर्जा गव्हर्नरच्या बरोबरीचा, किंबहुना त्याहून किंचित वरचा समजण्यात यावा. तिला लग्नास न बोलाविणे ही त्या ग्रहावरील रहिवाशांची चूक आहे.’ भार्गवरावांनी सही केली आणि मिसल बंद झाली. इथपर्यंत सगळं उत्तम होतं.

मग माइकची परवानगी काढायची वेळ आली.

आमच्या भागातल्या ठाण्याचा परवानगीचा अर्ज तेलुगूत आहे आणि चांगला तीन पानी आहे. प्रमुख पाहुण्याचं नाव, गाव, व्यवसाय, वडील काय करतात, आई काय करते, मागे कधी भांडण झालं होतं का, सगळं त्यात लिहावं लागतं. आता व्यवसायाच्या रकान्यात ‘अभिनेत्री’ एवढं लिहून कोणीही मोकळा झाला असता. पण सव्वीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. चार रविवार खर्चून केलेला ठराव हाताशी असताना तो अर्जाला न जोडणं म्हणजे वाढलेल्या ताटावर तूपच न घालणं. मी लिहिलं: ‘सोबतच्या ठरावाप्रमाणे. पाहा जोडपत्र क्रमांक एक.’ वडिलांपुढे ‘बागायतदार’ लिहिलं. आईपुढे लेखणी क्षणभर थांबली. अर्ज साहेबापुढे जाणार, सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेचा मजकूरही त्यावरूनच घ्यायचा. मी ‘गृहिणी’ लिहिलं. पान कसं सोज्ज्वळ दिसायला लागलं.

ठराव मराठीत होता. तेलुगूत टाइप करून घ्यायला चौकातल्या संगणकवाल्याकडे दिला. त्यानं वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “सार, इतकं लांब काऊन? तेलुगूत ‘लायसन’ अन् फुडं एक शब्द, एवढ्यात बसून राह्यलं.”

मला काटकसर आवडते. मी म्हणालो, बसव.

आठ दिवसांनी सकाळी गयाबाई दारात आली ती टोपल्यांशिवाय. बावीस वर्षांत मी तिचं डोकं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. ती पायरीवर बसली नाही.

“सायेब,” ती म्हणाली, “काल पोलीस आला होता गावात. चावडीपुढं चार माणसात इचारून राह्यला, तुमची पोट्टी धंदा करते म्हनते, लायसन दाखवा. मालकानं कालपासून पान्याचा घोट घेतला नाई. हे तुमी लिहून देलं म्हनते. खरं हाय का?”

मी मिसल, ठराव, गव्हर्नर, तह असं काहीबाही समजावू लागलो. ती ऐकून घेत होती.

“म्हंजे मान द्यासाठी लिवलं?”

“हो ना! फार मोठा मान!”

“मंग तो मान खोडून द्या, सायेब. कागद मरत नाई. उद्या तिचं लगन निघंल, कोनी कागद काढंल. तिचं नाव सुधरून द्या. दुसरं काई नको मले.”

पद्मिनी चहा घेऊन बाहेर आली होती, तो तिनं घेतला नाही. ती गेल्यावर पद्मिनीनं माझ्याकडे फक्त पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात मी अशी नजर दोनदाच पाहिली आहे, आणि पहिल्या वेळी निदान नवी चादर जळाली होती.

मी तडक ठाण्यात गेलो. तिथे नोंदी ठेवतो त्याला सगळे रायटर म्हणतात. माणूस सभ्य होता, त्यानं मला बाक दिला आणि रजिस्टर उघडून माझाच अर्ज माझ्यापुढे धरला.

“देखो सार, अब एंट्री हो गई. लायसन है बोलके तुम्हीच लिखे ना?”

“हो, पण ते खोटं आहे. म्हणजे खरं आहे, पण मालिकेत.”

“तो लायसन जो दिया, उसके पास से कॅन्सल का लेटर लाओ. हम काट देंगे.”

“तो दुसऱ्या ग्रहावर आहे.”

रायटरनं कागद पुढे ओढला. “जिल्हा कौनसा?”

ही बातमी दुपारपर्यंत कॉलनीभर झाली आणि सल्ल्यांना पूर आला. एकानं सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा की असा ग्रहच नाही. ते करायला गेलो तर वकील म्हणाला, नाही असं शपथेवर सांगता येणार नाही, अजून शोध चालू आहे. एकानं सुचवलं, हर्षालीचं नावच बदलून टाका. तिसरा म्हणाला, याच ठाण्यातला जुना साहेब बदलून उटनूरला गेलाय, देवमाणूस आहे, त्याला भेटा. मी उटनूरची बस पकडली, जंगलातल्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेतली आणि त्या देवमाणसाच्या दारात तीन तास बसलो. तो रजेवर होता. परतीच्या बसमध्ये शेजारच्यानं, काका, कशासाठी आला होता, असं विचारलं, तेव्हा मी कधी नव्हे ते खोटं बोललो आणि विहिरीच्या कामासाठी, असं सांगितलं.

खरं सांगतो, मला माझी लाज वाटत होती. गयाबाई रोज येत होती, पण आमच्या गल्लीत वळत नव्हती. तिची हाक पलीकडच्या गल्लीतून ऐकू यायची आणि मी पेपर तोंडापुढे धरायचो.

शेवटी भार्गवराव स्वतः मिसल काखेत मारून आले. त्यांनी दोन रात्री विचार केला होता.

“व्यंकटेश, रकान्यात तू काय लिवलं? ‘सोबतच्या ठरावाप्रमाणे.’ बरोबर? मंग आपन ठरावच मागं घेऊ. ठराव गेला की रकाना कोरा. कोरा रकाना कोनीबी नव्यानं भरू शकते. त्याले कोन्या ग्रहाची मंजुरी नाई लागत.”

मी उठून त्यांच्या पाया पडलो. असं डोकं पुन्हा होणे नाही.

तातडीची बैठक बोलावली. ठराव मागे घेण्याला विरोध एकट्या चंद्रभागाबाईंचा होता.

“तिचा दर्जा काढून घ्यायचा?” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “बिचारीले लग्नाला बोलावत नाईत, आन् आता आपनबी?”

त्यांची समजूत घालायला पाऊण तास लागला. त्यांनी ‘मनाविरुद्ध’ असं लिहून सही केली.

सही हर्षालीचीही लागणार होती. ती रात्रभर बसचा प्रवास करून सकाळी उतरली. साधा पंजाबी ड्रेस, केसांची वेणी, हातात पिशवी. ती, गयाबाई, भार्गवराव आणि मी असे चौघं ठाण्यात शिरलो. रायटरनं मान वर केली, आणि पाहता पाहता उठून उभा राहिला.

“नीलांजना मॅडम!”

मालिकेतलं तिचं नाव. त्याच्यामागचे दोन शिपाईही उभे राहिले. त्यांतला एक तर तामसीकडे जाऊन चावडीपुढे लायसन मागून आलेला होता. खुर्ची पुढे आली, ती फडक्यानं पुसली गेली. हर्षालीनं ती ओढून आईपुढे केली आणि गयाबाई तिच्यावर जेमतेम कडेला टेकली. मग बाकीचे बसले.

कागदांचं काम झालं. ठराव मागे घेतल्याचा ठराव लागला, जुना शब्द लाल शाईनं खोडला, ‘नटी’ असा नवा लिहिला. मी सुटकेचा श्वास घेत होतो. तेवढ्यात गयाबाई म्हणाली, “सगळा वाचून दाखवा. मले आयकू द्या. एकदा फसली मी.”

रायटर तेलुगू वाचत गेला आणि हर्षाली मराठीत सांगत गेली. नाव. गाव. व्यवसाय, नटी. गयाबाईनं मान हलवली. वडील, बागायतदार. ती थोडी हसली. आणि पुढे हर्षालीच थांबली.

“काय हाय पुढं?” गयाबाईनं विचारलं.

“आई... गृहिणी.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे घरीच असते. काई करत नाई.”

गयाबाई सावकाश माझ्याकडे वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“सायेब, बावीस वर्सं तुमच्या पायरीवर टोपली उतरवून राह्यली मी. मी घरी कवा बसली?”

मी रजिस्टरात डोकं घातलं.

“पोरीनं नाटकात सोंग घेतलं, त्याचा मान ठरवाले तुमी चार ऐतवार बसले. ते लिवाले तुमाले लाज नाई वाटली. माया भाजीची वाटली?”

लपवण्याचा माझा स्वभाव नाही, असं मी तुम्हाला मघाशी सांगितलं होतं. मला आमच्या वास्तुशांतीचं जेवण आठवलं. दीडशे पानं उठली होती. भाजी सगळी गयाबाईची होती आणि ती सकाळीच मागच्या दारानं टोपल्या देऊन गेली होती. जेवायला थांब, असं तिला कोणी म्हणालं होतं का, ते मला आठवेना. म्हणजे आठवत होतं.

“हेबी काट दूँ?” रायटरनं हळूच विचारलं. “क्या लिखूँ, अम्मा?”

“भाजी विकते. मोठ्या अक्षरात लिवा.”

“द्या इकडे,” मी म्हणालो. रायटरकडून लेखणी घेतली आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या हातानं तेलुगूत लिहिलं. अक्षर चांगलं आलं. जोडपत्र लावलं नाही.

सत्कार झाला. पत्रिकेत मी आधी आईचं नाव घातलं, भाजीविक्रेत्या गयाबाई असं, आणि खाली मुलीचं. हॉल भरला होता. चंद्रभागाबाईंनी मायलेकींना हळदीकुंकू लावलं आणि भाषणात त्या ग्रहावरच्या लोकांना पुन्हा एकदा धारेवर धरलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवाची मुंज आहे, तिचं पहिलं बोलावणं तामसीच्या बसनं गेलं, हे मी स्वतः पाहिलं.

गयाबाई आता पुन्हा आमच्या गल्लीत येते. पद्मिनीनं पहिल्याच दिवशी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. ती आत आली, खुर्चीवर बसली, चहा प्याली, घर सगळं नीट पाहून घेतलं. माप पहिल्यासारखं पुरेपूर, बोलणं पहिल्यासारखं मोकळं. फक्त भाजीवर कोथिंबीर येत नाही.

पंधरा दिवस मी कळ काढली. काल मात्र राहवलं नाही. ती टोपली उचलत असताना मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, “गयाबाई, कोथिंबीर नाही का आली मळ्यात?”

“आली ना, सायेब. मस्त आली.” तिनं चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली आणि पायरी उतरता उतरता म्हणाली, “अर्ज करा.”